मंडळाचं व्हॉट्सॲप तुमच्या गळ्यात पडलंय? कम्युनिटी, ग्रुप आणि चॅनल लावण्याची पायरीवार कृती

वार्षिक सभेत नवी कार्यकारिणी ठरते, टाळ्या होतात, चहा फिरतो आणि मग कुणीतरी म्हणतं, "ग्रुपचं तू बघ रे, तुला मोबाइलमधलं कळतं." हा लेख त्या 'तू'साठी आहे.

आमचं गणेशोत्सव मंडळ गिरगावातल्या चाळीचं. तिथे वर्षानुवर्षं एकच ग्रुप होता. आरतीची वेळ, वर्गणीची आठवण, सुप्रभातचे गुलाब, हरवलेली छत्री, कुणाच्या तरी मुलीचा दहावीचा निकाल आणि मधूनच पेटलेलं राजकारण, सगळं त्यातच. कामाचा मेसेज शोधायला शंभर मेसेज वर सरकवायचे. व्हॉट्सॲपने मधल्या काळात बरीच साधनं दिली. फक्त ॲडमिनने बोलायची सोय २०१८ पासून आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एका छत्राखाली, आली आणि ग्रुपची मर्यादा १०२४ सभासदांची झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात चॅनल, म्हणजे एकतर्फी सूचनाफलक, सुरू झालं. तरी माझ्या ओळखीतल्या बऱ्याच मंडळांचा गाडा अजून त्याच एका ग्रुपवर चाललाय, कारण नवं लावायचं तर ते नेमकं कुठून सुरू करायचं हे कुणी सांगत नाही.

बटणांची नावं आणि जागा तुमच्या फोनवर थोड्या इकडेतिकडे असतील. क्रम मात्र हाच ठेवा.

१. आधी वही घ्या, मोबाइल नंतर

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लगेच कम्युनिटी उघडून बसणं. आधी कार्यकारिणीतल्या तिघाचौघांनी बसून एकच गोष्ट ठरवायची: कुणी फक्त ऐकायचं, कुणी बोलायचं आणि कुणी कुणाला आवरायचं.

गिरगावात चाळी पाडून टॉवर उभे राहतायत. जुनी बिऱ्हाडं डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली, पण आगमनाला माणसं येतातच. त्यांना रोजची चर्चा नको असते. मूर्ती कार्यशाळेतून कधी निघणार, आरती किती वाजता, महाप्रसाद कुठल्या दिवशी, एवढंच हवं असतं. त्यांच्यासोबत देणगीदार आणि दर्शनाला येणारे अनोळखी लोकही असतात. या सगळ्यांसाठी चॅनल.

दुसरा थर म्हणजे वाडीतले रहिवासी आणि सभासद. त्यांना सूचनाही हव्यात आणि प्रश्न विचारायची जागाही. ही कम्युनिटी.

तिसरा थर कार्यकर्त्यांचा. सजावट, वर्गणी, प्रसाद, सांस्कृतिक कार्यक्रम, विसर्जन. यांचे लहान ग्रुप, कम्युनिटीच्या आत.

हिशोबाचा ग्रुप यात मी मुद्दाम धरला नाही. कम्युनिटीत जोडलेल्या ग्रुपची नावं इतर सभासदांना दिसू शकतात. 'खजिना' नावाचा ग्रुप दिसला की दोन माणसं आत येण्याची विनंती पाठवतात आणि चार माणसं खाली कट्ट्यावर चर्चा करतात. कार्याध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांचा ग्रुप कम्युनिटीच्या बाहेर, साधा आणि वेगळा ठेवा.

२. लागणारं सामान आणि कागद

- मंडळाच्या नावाने चालवायचा वेगळा मोबाइल नंबर. जुना स्मार्टफोन चालेल.
- मंडळाचा स्वतंत्र ईमेल. कुणाच्या मुलाचा किंवा कॉलेजचा नको.
- नंबर कोण सांभाळणार आणि ॲडमिन कोण, याचा सभेतला ठराव. इतिवृत्ताच्या वहीत दोन ओळी पुरतात.
- सभासदांची ताजी यादी: नाव, खोली किंवा फ्लॅट क्रमांक, मोबाइल.
- बोधचिन्हाचा चौकोनी फोटो. तो गोलात कापला जातो, म्हणून अक्षरं कडेला नकोत.
- मंडळाचा नोंदणी क्रमांक. नोंदणी नसेल तर वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली मिळालेली परवानगी.

यातला पहिला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्यावर जरा थांबतो.

व्हॉट्सॲप ग्रुप ज्याने तयार केला, त्याचं ॲडमिनपद दुसरा ॲडमिन काढून घेऊ शकत नाही. तो स्वतः बाहेर पडला तरच ते जातं. आता विचार करा, ग्रुप एखाद्या उत्साही कार्यकर्त्याने आपल्या नंबरवरून काढलाय आणि पुढच्या वर्षी तो रुसून दुसऱ्या मंडळात गेला. ग्रुप त्याचा, माणसं तुमची! म्हणून सगळं काही मंडळाच्या नंबरवरूनच तयार करा, माणसाच्या नंबरवरून नाही.

सिम कुणाच्या तरी आधारवर निघणारच. एका व्यक्तीच्या नावावर साधारण नऊ कनेक्शन चालतात, त्यामुळे अडचण येत नाही. पण ते सिम मंडळाच्या वापराचं आहे आणि पद गेल्यावर ते सुपूर्द करायचं आहे, हे ठरावात लिहून घ्या.

आता सापळा. विसर्जन झालं की फोन पावतीपुस्तकांसोबत कपाटात जातो आणि पुढच्या आषाढात बाहेर येतो. मधले नऊ-दहा महिने रिचार्ज नाही, फोन बंद. वापर नसलेलं सिम ९० दिवसांनंतर बंद होऊ शकतं आणि तो नंबर पुढे दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. व्हॉट्सॲपही साधारण १२० दिवस न वापरलेलं खातं काढून टाकतं. म्हणजे दिवाळी, संक्रांत उलटेपर्यंत तुमचा कारभारी नंबरच गायब. वर्षभराचा स्वस्तातला रिचार्ज एकदाच मारा आणि महिन्यातून एकदा फोन चार्ज करून व्हॉट्सॲप उघडा. हा खर्च मंडळाच्या जमाखर्चात 'दूरध्वनी' या सदरात घाला, खिशातून करू नका. खिशातून केलेला रिचार्ज दुसऱ्या वर्षी कुणीच करत नाही.

नंबर सुरू झाला की लगेच सेटिंग्जमध्ये खात्याच्या विभागात जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन (नंबर दुसऱ्या फोनवर लावताना पिन मागणारी सोय) चालू करा. सहा आकडी पिन ठेवा आणि मंडळाचा ईमेल जोडा. पिनमध्ये स्थापना वर्ष घालू नका, ते तुमच्या कमानीवर फूटभर अक्षरांत लिहिलेलं असतं. पिन बंद पाकिटात खजिनदाराकडे द्या.

३. कम्युनिटी उभी करणं

मंडळाच्या फोनवर कम्युनिटीजमध्ये जा आणि नवी कम्युनिटी निवडा. नाव, फोटो, वर्णन भरा. नावात वाडी किंवा रस्ता घाला. मुंबईत 'बाल मित्र मंडळ' शोधायला गेलात तर देवही गोंधळेल. वर्णनात तीन गोष्टी असू द्या: नोंदणी क्रमांक, कार्यालयाची वेळ आणि "वर्गणी फक्त पावतीवर" ही ओळ.

कम्युनिटी तयार होताच एक अनाउन्समेंट ग्रुप आपोआप येतो. त्यात फक्त कम्युनिटीचे ॲडमिन लिहू शकतात. सभासदांना उत्तर देता येतं, पण ती उत्तरं त्या सूचनेखाली एकत्र राहतात. म्हणजे "महाप्रसाद रविवारी" या सूचनेखाली साठ जणांनी हात जोडले तरी सूचना वाहून जात नाही. चाळीच्या फलकाला हाच खरा पर्याय आहे.

आता जुने ग्रुप जोडायचे. ज्या ग्रुपचे तुम्ही ॲडमिन आहात तेच जोडता येतात, आणि एक ग्रुप एका वेळी एकाच कम्युनिटीत राहू शकतो. शिवाय ग्रुप जोडला की त्यातले सगळेच कम्युनिटीत येतात. म्हणून जोडण्याआधी जुना ग्रुप साफ करा. आमच्या 'सजावट' ग्रुपमध्ये मागच्या वर्षीचा थर्माकोलवाला, लाइटवाला, ढोलपथकातला एक जण, सगळे अजून होते. त्यांना वाडीच्या पाणीकपातीच्या सूचना कशाला? कामापुरते आलेले लोक आधी काढा, निरोप देऊन काढा, मग ग्रुप जोडा.

महिलावर्गाकडून हमखास विचारला जाणारा प्रश्न: "माझा नंबर सगळ्यांना दिसणार का?" अनाउन्समेंटमध्ये नाही. तिथे नंबर ॲडमिनना दिसतात आणि ज्यांच्याकडे तुमचा नंबर आधीच सेव्ह आहे त्यांना. पण एखाद्या लहान ग्रुपमध्ये आलात की त्या ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतो. हे आधीच स्पष्ट सांगा. ज्यांना फक्त सूचना हव्यात त्यांनी अनाउन्समेंटपुरतं राहावं, लहान ग्रुपचा आग्रह करू नका.

कुणाला कम्युनिटीतून काढलं तर तो त्यातल्या सगळ्या ग्रुपमधून एकदम जातो. भांडण प्रसाद समितीत झालं असेल तर त्याच ग्रुपमधून काढा. रागाच्या भरात कम्युनिटीतून काढलेला काका वाडीच्या सगळ्याच निरोपांना मुकतो आणि मग त्यांच्या घरची सगळीच माणसं तुमच्याकडे बघेनाशी होतात.

४. परवानग्यांचं पान, शांतपणे

प्रत्येक ग्रुपच्या माहितीच्या पानावर परमिशन्सचा भाग असतो. तिथे चार-पाच बटणं आहेत, आणि वादातले निम्मे वाद तिथेच मिटतात.

ग्रुपची माहिती कोण बदलणार? फक्त ॲडमिन. हे बटण सगळ्यांसाठी उघडं ठेवलं तर दोन गोष्टी हमखास होतात. पहिली, स्थानिक भाऊंच्या वाढदिवसाला बाप्पाच्या जागी भाऊंचा फोटो लागतो. दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस, तीही याच परवानगीत येते. कुणी गंमत म्हणून ती चालू केली तर वर्गणीच्या नोंदी आणि पावत्यांचे फोटो हळूहळू उडून जातात, आणि ते लक्षात येतं हिशोबाच्या वेळी.

मेसेज कोण पाठवणार? कार्यकर्त्यांच्या ग्रुपमध्ये सगळे. रहिवाशांच्या मोठ्या ग्रुपमध्ये एरवी सगळे, पण वातावरण तापलं तर काही तास फक्त ॲडमिन. हे बटण दाबताना एक ओळ लिहा: "रात्री १० ते सकाळी ८ ग्रुप बंद, विषय सभेत घेऊ." न सांगता बंद केलं की लोकांना तोंड दाबल्यासारखं वाटतं आणि दुसरा ग्रुप निघतो.

नवे सभासद कोण जोडणार? मोठ्या ग्रुपमध्ये ॲडमिन. लहान समित्यांत सगळ्यांना दिलं तरी चालतं.

नव्या सभासदाला मंजुरी लागेल का? हे बटण २०२३ मध्ये आलं आणि निमंत्रणाची लिंक वापरणार असाल तर ते चालू हवंच. लिंक एकदा बाहेर गेली की ती कुठे फिरेल सांगता येत नाही. मंजुरी देताना नाव आणि खोली क्रमांक विचारा. "मी तुमच्याच वाडीतला" एवढ्यावर आत घेऊ नका. असा आत आलेला माणूस दोन दिवस गप्प राहतो आणि तिसऱ्या दिवशी शेअर बाजाराच्या टिपा टाकतो.

काही लोकांना जोडायला गेलात तर जोडले जात नाहीत. ते रुसलेले नसतात. त्यांनी आपल्या सेटिंगमध्ये ग्रुपात कोण जोडू शकेल ते 'माझे कॉन्टॅक्ट्स' एवढंच ठेवलेलं असतं. त्यांना लिंक पाठवा किंवा मंडळाचा नंबर सेव्ह करायला सांगा.

५. ॲडमिन किती आणि कोण

आमच्याकडे मानापमान फार, म्हणून प्रत्येक ज्येष्ठाला ॲडमिन करण्याची पद्धत पडते. माझं मत उलट आहे. ॲडमिन हा मान नाही, ड्युटी आहे. प्रत्येक ग्रुपमध्ये मंडळाचा नंबर आणि दोन जिवंत माणसं पुरतात. एक दिवसा फोन बघणारा, एक रात्री. दोघंही एकाच वेळी लोकलच्या दारात लटकलेले नसावेत, एवढं बघा. ज्येष्ठांचा मान अहवालात नाव छापून, पाद्यपूजनाला पुढे बोलावून राखा.

ग्रुपमध्ये ॲडमिन एकच असेल आणि तो बाहेर पडला, तर व्हॉट्सॲप उरलेल्यांपैकी कुणालाही ॲडमिन करतं. तो माणूस कोण असेल हे तुमच्या हातात नसतं. दुसरा ॲडमिन हवाच, तो यासाठी.

ॲडमिन कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढू शकतो. तिथे 'ॲडमिनने काढला' अशी खूण उरते, म्हणजे कुणी काढलं हे लपत नाही. मेसेज काढल्यावर संबंधिताला खाजगीत फोन करा. लेखी समज देऊ नका, तिचा स्क्रीनशॉट रात्रीपर्यंत दुसऱ्या ग्रुपमध्ये पोचलेला असतो.

इथे कायद्याचा एक मुद्दा नीट समजून घ्या, कारण "ॲडमिन झालास तर पोलिस तुलाच धरतील" अशी भीती घालणारे प्रत्येक वाडीत असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं की, सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. दोघांचा मिळून तसा इरादा किंवा आधी ठरलेला बेत असेल तर गोष्ट वेगळी. मजकूर पडण्याआधी तो तपासायचा किंवा अडवायचा अधिकार ॲडमिनकडे नसतो, हा त्यामागचा एक विचार. भीती म्हणून अनाठायी आहे. पण या निकालाची उशी करून झोपूही नका. त्यानंतर, २०२२ मध्ये, ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढायची सोय मिळाली. अडवणं आजही तुमच्या हातात नाही, काढणं आहे. धार्मिक तेढ वाढवणारा किंवा कुणा बाईची बदनामी करणारा मेसेज दिसला तर स्क्रीनशॉट घ्या, मेसेज काढा, माणसाला बाहेर करा, आणि केव्हा काय केलं ते तीन पदाधिकाऱ्यांच्या ग्रुपमध्ये लिहून ठेवा. नंतर कुणी विचारलं तर ती नोंद कामाला येते.

कोण सोडून गेलं याचा गवगवा आता होत नाही, फक्त ॲडमिनला कळतं. गेल्या ६० दिवसांत बाहेर पडलेल्यांची यादी मात्र ग्रुपच्या माहितीत सभासदांना बघता येते. त्यामुळे "कोण गेलं, का गेलं" ही कुजबुज पुरती थांबत नाही.

६. चॅनल: बाहेरच्यांसाठी कमान

अपडेट्सच्या टॅबमध्ये अधिकच्या खुणेवर दाबा, चॅनल तयार करा निवडा, नाव-फोटो-वर्णन भरा. पाच मिनिटांचं काम. समजून घ्यायच्या गोष्टी मात्र बऱ्याच आहेत.

चॅनल एकतर्फी असतं. फॉलो करणारे इमोजी देऊ शकतात, पोलमध्ये मत देऊ शकतात, उत्तर लिहू शकत नाहीत. कोणते इमोजी चालतील हेही सेटिंगमध्ये ठरवता येतं. तुमचा नंबर त्यांना दिसत नाही, त्यांचा एकमेकांना दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही, आधीपासून सेव्ह असेल तर गोष्ट निराळी. म्हणून चौकशीसाठी कार्यालयाचा नंबर वर्णनात लिहायलाच लागतो. नाहीतर बदलापूरच्या आजींना सत्यनारायणाच्या पूजेला नाव द्यायचं तर त्या कुणाला विचारणार?

चॅनल सार्वजनिक असतं. शोधलं तर कुणालाही सापडतं, कुणीही फॉलो करू शकतं. आणि ग्रुपमधल्या मेसेजना जसं एंड-टू-एंड कुलूप असतं, म्हणजे ग्रुपबाहेर कुणालाच ते वाचता येत नाहीत, तसं चॅनलवर नसतं. तेव्हा देणगीदारांची यादी, कार्यकर्त्यांचे नंबर, लहान मुलांच्या स्पर्धेतले नावासकट फोटो, दानपेटी कधी उघडणार याची वेळ, यातलं काहीही चॅनलवर नको.

चॅनलवरच्या गोष्टी साधारण ३० दिवस राहतात. त्याला मंडळाचा संग्रह समजू नका. फोटो वेगळे साठवा, नाहीतर अहवाल छापायच्या वेळी शोधाशोध होते. टाकलेला मजकूर ३० दिवसांपर्यंत दुरुस्तही करता येतो. पण आधीच पुढे पाठवलेली प्रत तुमच्या दुरुस्तीने सुधारेल या भरवशावर राहू नका. मोठी चूक असेल तर "सुधारित" असं लिहून नवी सूचना टाका.

मालक मंडळाचा नंबर राहील. चॅनलला १६ पर्यंत ॲडमिन असू शकतात. इतके कशाला? तीन पुरे. चॅनल पुरतं काढून टाकणं मालकाच्या हातात असतं, हे आणखी एक कारण मालकी माणसाकडे न ठेवण्याचं.

चॅनलची लिंक क्यूआर कोड करून पावतीच्या मागे, आगमनाच्या फलकावर आणि दर्शनाच्या रांगेच्या तोंडाशी लावा. फक्त एक गोष्ट करू नका: यूपीआयच्या क्यूआरशेजारी तो चिकटवू नका. लोक घाईत चुकीचा स्कॅन करतात, आणि दोन चौकटी असतात तिथे आपली तिसरी चिकटवणाऱ्या भामट्यालाही सोपं जातं. दोघांमध्ये अंतर ठेवा, प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत 'फक्त माहिती' आणि 'वर्गणी' लिहा, आणि वर्गणीच्या क्यूआरवर स्कॅन केल्यावर कुठलं नाव दिसायला हवं तेही छापा. रोज सकाळी एका कार्यकर्त्याने स्वतः स्कॅन करून बघायचं.

७. सूचना लिहायची पद्धत

"आज आरती अर्धा तास उशिरा."

ही सूचना चुकीची आहे. ती संध्याकाळी टाकली, रात्री कुणी पुढे पाठवली, दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकहून आलेल्या पाहुण्यांनी वाचली आणि ते अर्धा तास उशिरा आले. 'आज', 'उद्या', 'परवा' हे शब्द सूचनेत वापरायचेच नाहीत असा नियम करा. वार, तिथी किंवा तारीख, वेळ, जागा आणि शेवटी कोण सांगतंय:

"शुक्रवार, पंचमी. सायंआरती ७:३० ऐवजी ८:००. जागा: मंडप. - चिटणीस"

एवढंच. त्यात सुविचार नको, फुलं नकोत. पहिल्या ओळीत काम, कारण नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसतं.

दहा दिवसांच्या वेळापत्रकाचा मेसेज पिन करा, म्हणजे ग्रुपच्या वर टाचून ठेवा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांसाठी लागतो. उत्सवात ३० दिवसांचा लावला की पुन्हा बघायला नको. एका ग्रुपमध्ये तीनपर्यंत पिन राहतात. प्रसादात काय करायचं, भजन की वेशभूषा, याला पोल उत्तम, बारा पर्यायांपर्यंत जातो. एकाच पर्यायाला मत अशी खूण करायला विसरू नका, नाहीतर लोक मोदकालाही मत देतात आणि शिऱ्यालाही. इव्हेंटची सोय सभेसाठी वापरा: कोण येणार ते आधीच कळतं, खुर्च्या त्या हिशोबाने.

उत्सवाच्या मध्यावर नवा कार्यकर्ता आला तर त्याला मागचे मेसेज आपोआप दिसत नाहीत. त्याला पिन केलेले मेसेज दाखवा आणि जबाबदारी तोंडी समजावा.

८. विसर्जनाची रात्र

गिरगाव चौपाटीवर त्या रात्री नेटवर्कवर भिस्त ठेवू नका. एवढ्या गर्दीत मेसेज एका टिकेवर अडकून बसतो. विसर्जन ग्रुप संध्याकाळपर्यंत कामाचा: ट्रॉली कुठे, कोण कुठल्या टप्प्यावर, औषधांची पेटी कुणाकडे. हे सगळं दुपारीच पिन करा आणि प्रत्येक टप्प्याच्या प्रमुखाचा नंबर कागदावर छापून खिशात द्या. हरवलेलं मूल, चक्कर आलेला माणूस यासाठी आधी जवळचा पोलिस किंवा मदत कक्ष, ग्रुप नंतर. हरवलेल्या मुलाचा फोटो चॅनलवर टाकायची घाई नको. मूल दहा मिनिटांत सापडतं आणि फोटो वर्षभर फिरत राहतो.

त्या रात्री मंडळाचा फोन मिरवणुकीत नेऊ नका. कार्यालयात बसलेल्या माणसाकडे ठेवा. चोरीचा धोका आहेच, शिवाय भिजलेल्या फोनवरून सकाळी "पुढच्या वर्षी लवकर या" कोण टाकणार?

९. फसवणुकीची लक्षणं

उत्सवाच्या आधीच्या महिन्यात मंडळाचा फोटो लावून दुसऱ्याच नंबरवरून वर्गणी मागणारे मेसेज येऊ शकतात. सभासदांना पहिल्याच सूचनेत सांगा: मंडळ व्हॉट्सॲपवर खाते क्रमांक बदलल्याचं कधीही कळवणार नाही. ॲडमिनना सांगा: कुणी "काका, चुकून तुमच्या नंबरवर ओटीपी गेलाय, जरा सांगा ना" म्हटलं तर तो ओटीपी तुमचं खातं उघडायचा असतो, समोर ओळखीचा फोटो असला तरी. आठवड्यातून एकदा मंडळाच्या फोनवर लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघा. फोनव्यतिरिक्त चार उपकरणं जोडता येतात. कार्यालयातला एक लॅपटॉप सोडून दुसरं काही दिसलं तर तिथूनच बाहेर काढा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण.

१०. उत्सवानंतरची आवराआवर

हिशोबाच्या सभेआधी ही कामं संपवा:

- सगळ्या ग्रुपच्या निमंत्रण लिंक रीसेट करा. छापलेल्या, फिरलेल्या जुन्या लिंक निकामी होतात.
- ढोलपथक, मंडपवाले, कॅटरर यांना कामाच्या ग्रुपमधून आभार मानून मोकळं करा.
- एका वर्षापुरते ग्रुप बंद करायचे असतील तर आधी त्यातले फोटो आणि बिलं उतरवून घ्या. आख्खी कम्युनिटी निष्क्रिय केली तर अनाउन्समेंट ग्रुप बंद होतो आणि बाकीचे ग्रुप सुटे होऊन चालूच राहतात, म्हणजे जुने ॲडमिन तिथेच. म्हणून कम्युनिटी मोडू नका, ग्रुप एकेक करून आवरा.
- पद सोडणाऱ्यांचं ॲडमिनपद सभा संपायच्या आत, त्यांच्या समोर काढा आणि नव्यांना द्या. नंतर करू म्हटलं की ते राहतंच.
- टू-स्टेपचा सहा आकडी पिन बदला, नवं पाकीट नव्या खजिनदाराला, जुनं फाडून टाका.
- फोन, चार्जर, सिमचे कागद आणि पुढच्या रिचार्जची तारीख सुपूर्दनाम्यात लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. ती तारीख नव्या चिटणीसाच्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये तिथेच, उठायच्या आधी टाकून घ्या.